एका मिनिटाचं काम

“मामा, एका मिनिटाचं काम आहे.”

फोनवर हे वाक्य आलं की मी आता घड्याळ बघत नाही, थेट पंचांग काढतो. असल्या एका मिनिटापायी मी कृष्णेच्या घाटावर पहाटे साडेपाचपासून अकरापर्यंत उभा राहिलो आहे, माझी स्कूटर दोन दिवस नायकाची म्हणून दिली आहे आणि एकदा मेलोही आहे. मरणाचे 7 टेक झाले. सहावा फार चांगला होता म्हणतात, पण नेमकी मागून घंटागाडी गेली, गाण्यासकट.

या वाक्याचा मालक माझा भाचा. घर साताऱ्यात, कॉलेज सांगलीत, आणि शेवटच्या वर्षाला 12 मिनिटांची फिल्म करून द्यायची असते म्हणून मुक्काम माझ्याकडे. एकटाच असता तर भाचा म्हणून सोसला असता. पण आता ही जमात झाली आहे. ओळखायला सोपी. काळा टीशर्ट, सहा खिशांची पँट (पैसे एकातही नाहीत), येऊ घातलेली दाढी, आणि दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या जोडून केलेली चौकट. त्या चौकटीतून तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही त्याच्या फीबद्दल बोलत असता आणि तो तुमचा डावा कान आत घ्यावा की कापावा, या विचारात असतो.

आमच्या दूधवाल्याला तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “काका, तुमच्याकडं फेस आहे.” दूधवाला घाबरला. “आत्ताच धार काढलीया, फेस असणारच की. पाणी न्हाई घातलेलं.” पुढे त्यालाच सावकाराचं काम मिळालं.

या जमातीला सातारा आणि सांगली या दोन गावांनी मिळून बिघडवलं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. सातारा त्याला लोकेशन देतो. वाईच्या पलीकडे मेणवलीचा घाट आहे, तिथे ‘स्वदेस’चं शूटिंग झालं. तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या दर दोन घरांमागे एक तरी माणूस ‘मी आहे त्यात’ म्हणणारा. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांचा उजवा खांदा त्यात असल्याचं सांगतात. पाहुणे आले की टीव्ही थांबवून तो दाखवला जातो. अशा वातावरणात वाढलेल्या पोराला घाट दिसला की कॅमेरा आठवतो, कॅमेरा दिसला की घाट.

आणि सांगली? सांगली त्याला समीक्षक देते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. तरी सांगलीकर अजून त्या प्रयोगाला स्वतः हजर असल्यासारखा बोलतो. सिनेमाला नेलं तरी तो तिसऱ्या घंटेची वाट बघतो. भाच्याची संहिता वाचून माझ्या कट्ट्यावरचे एक सद्गृहस्थ एवढंच म्हणाले, “नांदी कुठाय?”

टीका झाली की या लोकांजवळ एक रामबाण असतो. ‘पिस्तुल्या’. नागराज मंजुळ्यांनी नगरला एम. ए. करताना प्रकल्प म्हणून ती फिल्म केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खरी गोष्ट, अभिमानाची गोष्ट. पण आमच्याकडे ती गॅसचं बिल भरायला पाठवलं तरी ऐकवली जाते.

तर फिल्म झाली. ती द्यायच्या आदल्या रात्री भाचा आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. लॅपटॉप तापू नये म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे, आणि आम्ही घामात. फिल्मसोबत दोन पानी अहवाल द्यायचा असतो: ‘या प्रकल्पातून मी काय शिकलो’. त्याने लिहिलं होतं: नेतृत्वगुण, संघभावना, वेळेचं नियोजन.

“वेळेचं नियोजन?” मी विचारलं. रात्रीचे दोन वाजले होते.

“मामा, ते लिहावंच लागतं.”

“आणि खरं काय शिकलास?”

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, “आवाज दिसत नाही.”

मला आधी वाटलं, तत्त्वज्ञान. पण नाही. प्रेमाचा प्रसंग त्याने चाळकेवाडीच्या पठारावर घेतला होता, मागे पवनचक्क्या. चित्र असं की बघत राहावं. ऐकायला गेलं तर नायक-नायिका चार मिनिटं तोंडं हलवतायत आणि सगळे संवाद वारा बोलतोय. पवनचक्क्या जिथे लावतात तिथे वारा असतो, हे शोधायला आमच्या माणसाला जीपचं भाडं भरावं लागलं. मग आमच्या माळ्यावर, मे महिन्यात, आवाज घुमू नये म्हणून गोधडी पांघरून डबिंग. आत नायक, नायिका आणि एक मोबाइल. नायिकेची आई म्हणाली, “मी पण बसते आत.” बसल्या. ‘मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ या वाक्यानंतर फिल्ममध्ये जो खोल उसासा ऐकू येतो, तो त्यांचा आहे. सर्वांत जास्त दाद त्यालाच मिळाली.

दुसरा धडा मिशीचा. नायकाच्या थोरल्या भावाचं लग्न मधेच निघालं, आणि वरातीत शोभावं म्हणून हा गडी मिशी काढून आला. त्यामुळे तो मिशीसकट घरात शिरतो आणि बिनमिशीचा बाहेर पडतो. आत फक्त चहा घेतलेला असतो. “आता?” मी म्हटलं. भाचा शांत. “सरांनी विचारलं तर सांगणार, ओळख पुसली जाणं.” फिल्मचं हे खरं शिक्षण. चूक झाली की चूक, तीच निस्तरता आली नाही की प्रतीक.

दादासाहेब फाळके त्याच्या तोंडी सारखे असतात, आणि इथे मात्र मी त्याला हसत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला. त्याआधी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून टिपलं आणि ती चिमुकली फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. म्हणजे तोही एक प्रकल्पच, परीक्षक फक्त सावकार होते. भाच्याने हे वाचलं आणि साताऱ्याच्या घरी ओट्यावर वाटीत मटकी भिजवून समोर रात्रभर मोबाइल लावून ठेवला. मोड फुटताना टिपायचे. सकाळी अक्का, म्हणजे त्याची आई, उठली, मोबाइल चार्जिंगला लावला आणि प्रमुख पात्राची उसळ केली.

पण खरी फिल्म अक्कानेच ओढली, हेही सांगायला हवं. फाळक्यांच्या सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून वर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, प्रकाश परतवायला. अक्काने नेमकं तेच केलं, फक्त चादरीऐवजी गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा. साताऱ्याहून एसटीने, पेठनाक्यावर गाडी बदलून, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन यायची. भिशीचे साडेसात हजार तिचेच. त्यातले चार हजार भडंग आणि चहात गेले. या धंद्यात कलावंत फुकट मिळतो, त्याची भूक नाही.

आयर्विन पुलावरचा दिवस मी विसरणार नाही. 1929 चा पूल. पावसाळ्यात अर्धी सांगली तिथे पाणी बघायला उभी असते. डिसेंबरात या पोरांनी तिथे तिपाई मांडली. पाच मिनिटांत गर्दी. “किती फूट आलं?” “कोयनेतनं सोडलंय का?” भाचा सांगतोय, काका, शूटिंग आहे, काका वाकून पाण्याकडे बघतायत. तेवढ्यात हवालदार आले. “परवानगी हाय का?” नव्हती. मी काढता पाय घ्यायच्या बेतात होतो. भाचा मात्र पुढे झाला, हात जोडले, काय ते बोलला. दहा मिनिटांनी हवालदार स्वतः वाहनं थोपवत होते, आणि दर शॉटनंतर टोपी नीट करून विचारत होते, “मी येतोय का ह्याच्यात?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा तोच मुलगा, जो आठवीपर्यंत कंडक्टरकडे अर्धं तिकीट मागायला लाजायचा आणि माझ्या सदऱ्याआडून बोट दाखवायचा. या दोन महिन्यांत त्याने मांडववाल्याकडून हॅलोजन मागितले, शेजाऱ्यांचं अंगण मागितलं, एका अनोळखी माणसाची म्हैस मागितली आणि वेळेवर परतही केली. लेन्स, प्रकाश, संकलन हे मोबाइलवर कुणीही शिकतो. दुसऱ्याच्या दारात उभं राहून ‘मला तुमची गरज आहे’ असं म्हणायला कोण शिकवतं? मी सरकारी नोकरीत 34 वर्षं काढली, मला अजून साखर मागायला जाता येत नाही. मी म्हटलं, “अहवालात लिही, मागायला शिकलो.” तो म्हणाला, “त्याला मार्क नसतात, मामा.”

मागण्याचा कळस म्हणजे शेजारच्या आजी. कॅमेरा सरकवायला ट्रॉली हवी, तिचं भाडं परवडेना, म्हणून हा त्यांची व्हीलचेअर मागायला गेला. आजी म्हणाल्या, “खुर्ची देते, पण मी उतरणार नाही.” मग आजींच्या मांडीवर उशी, उशीवर कॅमेरा आणि मागून ढकलणारा मी. त्या फिल्ममधले सगळ्यात स्थिर शॉट आजींच्या मांडीवरून घेतलेले आहेत.

आमच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावून पहिला खेळ झाला. दूधवाला कुटुंबासह, हवालदार साध्या कपड्यांत, अक्का दाराशी डबा धरून. 12 मिनिटांची फिल्म आणि अडीच मिनिटांची आभाराची पाटी; शिट्ट्या पाटीलाच जास्त पडल्या. ‘ट्रॉली: आजी’ असं आलं तेव्हा तर पुन्हा लावावं लागलं.

माझ्या मरणाचा प्रसंग मात्र फसला होता. सातव्या टेकपर्यंत मी दमलो होतो, त्यामुळे प्रेताचं पोट चांगलं वरखाली होत होतं. भाचा कुजबुजला, “काळजी करू नका, मामा. आशा म्हणून सांगतो.”

पुढच्या रांगेतून आजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “माझं काम बरं झालंय तुझ्यापेक्षा,” त्या म्हणाल्या. “मी हलले नाही.”