दोन नळ्यांचे नाना

बेळगोळ म्हटलं की मराठी माणूस मनाने थेट श्रवणबेळगोळला जातो. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत कोरलेला शिलालेख आहे, हे शाळेतच घोकून झालेलं असतं. कुणी काय करवून घेतलं ते दगडावर लिहून ठेवायची हौस आपल्याला इतकी जुनी. माझं बेळगोळ मात्र ते नव्हे. हे म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. त्याच्याच नावाची औद्योगिक वसाहत अलीकडे, मेटगळ्ळीच्या बाजूला आहे. तिथल्या एका गॅरेजच्या दारात लाकडी बाकावर नाना बसलेले असतात आणि समोर त्यांचा ट्रक उभा असतो.

ट्रक हा नानांचा शब्द. बाकी सगळं म्हैसूर त्याला टेम्पो म्हणतं. ती टाटाची चारशेसात आहे. 1986 साली हे मॉडेल बाजारात आल्यापासून आपल्याकडे कुणी त्याला ट्रक म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नानांनी तिचा हौदा दीड फूट उंच करून घेतला, कॅबिनच्या टपावर लाकडी कॅरिअर चढवलं, पुढच्या काचेवर चामुंडेश्वरी आणि मागच्या फळीवर विट्याचा भैरवनाथ रंगवला. तरी नाक्यावरचा चहावाला रोज ओरडतोच, "टेम्पो बाजूला घ्या!" नानांच्या तोंडातला चहा तेवढ्यापुरता कडू होतो.

नाना मूळचे विट्याचे. खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली, त्यांतच नानांचे वडील म्हैसूरला आले. सराफांच्या गल्लीत सोनं गाळायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं. थोरले बंधू अजून तेच करतात. नानांचं सगळं लहानपण भट्टीच्या आणि तेजाबाच्या वाफांत गेलं. म्हणून असेल, पण धूर कुठून निघावा याबद्दल त्यांची मतं फार पक्की असतात. फक्त ती दर आठवड्याला बदलतात.

प्रश्न साधा होता. जुना सायलेन्सर कुजला होता. कुजला म्हणजे किती, तर क्लीनरने खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा उलगडून, भोकावर गुंडाळून तारेने आवळला होता आणि इंजिन तापलं की मागच्या गाड्यांना खमंग वास यायचा. नवा बसवायचा, एवढंच काम. पण मिस्त्रीच्या तोंडून सहज निघून गेलं, "नवाच करायचाय तर कसा करू?" नानांना 'कसा' असं विचारायचं नसतं, हे त्या गरिबाला माहीत नव्हतं. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

"मास्तर," नाना मला म्हणाले (मी बँकेत होतो, पण चष्मा आहे म्हणून मास्तर), "एक नळी का दोन? तुमचं काय म्हणणं?"

म्हटलं, "एक आहे, एकच घाला."

"आवो, पण ही बघा," असं म्हणून ते मला घरी घेऊन गेले. अंगणात ताडपत्रीखाली त्यांची येझदी उभी होती. यादवगिरीच्या कारखान्यातून 1961 साली पहिली जावा बाहेर पडली, पुढे तिचीच येझदी झाली, 1996 साली कारखान्याला टाळं लागलं. हा इतिहास म्हैसूरचा माणूस घरातल्या कर्त्या माणसाच्या मरणासारखा सांगतो, आणि या बाबतीत नाना पक्के म्हैसूरचे. त्यांनी ताडपत्री उचलली. दोन्ही बाजूंना दोन लांबलचक, निमुळत्या, चकचकीत नळ्या.

"सिलिंडर किती?"

"एक."

"नळ्या किती?"

"दोन."

"एकाला दोन, तर चाराला किती?" नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की आठ म्हणायचं धाडस होईना. त्रैराशिक बिनचूक होतं. चारशेसातच्या बुडाला आठ नळ्या लटकताहेत, असं चित्र मात्र डोळ्यांसमोरून हलेना.

मिस्त्रीने त्रैराशिक मोडलं. तो कन्नडिग, नानांशी अर्धं कन्नड, अर्धं हिंदी बोलतो. त्याचं म्हणणं असं, की येझदीच्या सिलिंडरला धूर बाहेर पडायला जन्मतःच दोन तोंडं आहेत, म्हणून तिला दोन नळ्या. चारशेसातचे चारही सिलिंडर एका ओळीत बसलेले, चौघांचा धूर एकाच मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो आणि एकाच तोंडातून बाहेर येतो. पुढे तुम्ही दोन फाटे फोडा नाहीतर दहा. "ओंदु साकु, नाना." म्हणजे एक पुरे.

नाना उठले, रस्त्यापलीकडच्या शहाळेवाल्याकडे गेले आणि एका शहाळ्यात दोन स्ट्रॉ घालून आले. एकदा एका स्ट्रॉने ओढून दाखवलं, मग दोन्हींनी. "बघा, किती लौकर संपलं!" मिस्त्री पान्याने बोल्ट फिरवत, मान वर न करता म्हणाला, "नाना, घसा एकच हाय ना?" त्याच क्षणी नानांना ठसका लागला. मिस्त्रीने हे मुद्दाम जुळवून आणलं असं नाना आजही म्हणतात.

मग मापांचा हट्ट सुरू झाला. नानांना दोन-दोन इंची दोन नळ्या हव्या होत्या, मिस्त्री तीन इंची एक सुचवत होता. मला पंच नेमलं. मी खडूने गॅरेजच्या फरशीवर मांडलं: वाट किती मोकळी, हे व्यासाच्या वर्गावर ठरतं. दोनाचा वर्ग चार, असे दोन म्हणजे आठ. तिनाचा वर्ग नऊ. तीन इंची एकच नळी दोघींपेक्षा मोकळी; शिवाय पत्रा कमी, वेल्डिंग कमी, कुजायला जागाही कमी. नाना बराच वेळ खडूच्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय मास्तर. पण तुमचं ते नऊ मागनं दिसतंय का कुणाला? दोन दिसत्यात."

इथे मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न धुराचा नव्हताच.

मधल्या काळात नानांनी सल्ला घेतला नाही असा माणूस त्या रस्त्यावर उरला नाही. मंड्याहून गुळाच्या ढेपा आणणारे ड्रायव्हर (मंड्याचा गूळ चांगला असतो, हे मी कोल्हापुरात बोलणार नाही), धरण बघायला आलेले पर्यटक, एकदा तर दारात आलेला वासुदेव. तेवढ्यात एकीकडे पुढचे टायर गोटा झाले. पावसात कॅबिन ड्रायव्हरच्याच बाजूने गळायची, तर नाना छत्री घेऊन गाडी चालवायचे. टायर बदलायला त्यांना दहा मिनिटं लागली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. वहिनी म्हणायच्या, "आमचं लग्न ठरवताना मुलगी बघायला ह्यांनी इतक्या खेपा घातल्या नव्हत्या."

भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतले ट्रक दाखवले, तेव्हा प्रकरण पेटलं. केनवर्थ, पीटरबिल्ट, कॅबिनच्या दोन्ही अंगांना आभाळाकडे तोंड करून उभी असलेली दोन चकचकीत धुरांडी. "ह्याला म्हणत्यात ट्रक!" नाना म्हणाले. त्यांचा उत्साह मोडावा म्हणून मी दोन दिवस वाचन केलं आणि सांगितलं, की ह्यांतल्या बहुतेकांचंही इंजिन सहा सिलिंडरचं, एका ओळीतलं. टर्बोतून एकच नळी निघते आणि वर जाऊन दुभंगते. खऱ्या अर्थाने जन्मापासून वेगळ्या दोन नळ्या शोभतात त्या तिथल्या व्ही-आठ इंजिनांना, चार सिलिंडर इकडे आणि चार तिकडे. मला वाटलं, आता नाना गप्प होतील. नानांचा चेहरा उजळला.

"म्हंजे तिकडंबी निम्मं शोभेचंच! मग आपण केलं तर काय बिघडलं?"

बिघडत होतं ते नियमात. मिस्त्रीने शेवटचं हत्यार काढलं. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय, धूर खाली सोडायचा नाही आणि डावीकडेही नाही. उजवीकडे नाहीतर मागे. डावीकडे फुटपाथ, माणसं, शाळेची पोरं. नानांना दुसरी नळी हवी होती नेमकी डाव्या अंगाला, येझदीसारखी. पासिंग जवळ आलं होतं. त्या रात्री नाना जेवले नाहीत, असं वहिनींनी सांगितलं. पुढे असंही सांगितलं, की दुपारी चार मद्दूर वडे खाल्ले होते.

सकाळी ते गॅरेजवर आले ते निर्णय घेऊनच. उजवीकडे तीन इंची खरी नळी. डावीकडे तसलीच दुसरी, पण आतून बंद. मॅनिफोल्डशी तिचा काही संबंध नाही. चेसीला दोन क्लॅम्प आणि रबराचे हँगर. धूरच नाही, तर नियम मोडायचा प्रश्न कुठे? मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मी मिस्त्रीकडे. वकिलाला सुचलं नसतं.

पंधरा दिवस नाना राजासारखे फिरले. मग नवा त्रास सुरू झाला. सिग्नलला थांबलं की बाजूचा रिक्षावाला वाकून सांगायचा, "सार, तुमची डावी नळी चोक झालीय." पेट्रोलपंपावरचा पोरगा सांगायचा, चहावाला सांगायचा, एका भल्या गृहस्थाने तर पाठलाग करून गाडी थांबवली. नाना प्रत्येकाला "हो, बघतो" म्हणायचे. टेम्पो तो टेम्पोच, वर एक नळी चोक.

दसऱ्यातल्या आयुधपूजेला गॅरेजवर सगळ्या गाड्या धुऊन ओळीने उभ्या होत्या. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, फोडलेल्या कोहळ्याचा लाल कुंकवात चिखल. नानांनी आरती केली, क्लीनरला इंजिन चालू करायला सांगितलं आणि अख्खा पुडा अगरबत्ती पेटवून डाव्या नळीत खोचला.

उजवीकडून काळा धूर निघाला, डावीकडून मोगऱ्याचा. नाना रस्ता ओलांडून शहाळेवाल्याजवळ जाऊन उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून तिथून बघत राहिले.