गणपूर्ती आणि खिरापत

भाद्रपदातली ओल सरून आश्विनाचे ऊन गच्चीवर टाकलेल्या गाद्यांतला वर्षभराचा कुबट वास हुसकून लावू लागते, मंडईत झेंडूचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा निघतो, आणि हस्ताचा पाऊस वाळत घातलेल्या कपड्यांवर नजर ठेवून, घरात कोणी नाही अशी नेमकी वेळ साधून कोसळतो, त्या सुमारास आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या अंगणात दोन सभा भरतात. पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये ती ३० सप्टेंबरच्या आत भरवणे बंधनकारक आहे. दुसरी सभा म्हणजे भोंडला. तिला ना नोंदणी, ना लेखापरीक्षण, ना इतिवृत्त. घटस्थापना २२ सप्टेंबरलाच आली अशा २०२५ सारख्या सालात तर दोन्ही सभा एकाच आठवड्यात उरकाव्या लागतात, आणि कायद्याची सभा व कायद्याबाहेरची सभा यांची तुलना करण्याची दुर्मीळ संधी सज्जात बसलेल्या आमच्यासारख्या रिकामटेकड्यास मिळते.

सर्वसाधारण सभेची सूचना चौदा दिवस आधी, विषयपत्रिकेसह, घरोघर पोचते. ठरल्या वेळी अंगणात अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मागील इतिवृत्तावर हरकत घेणे हेच ज्यांचे निवृत्तिवेतनाव्यतिरिक्त एकमेव सुख असे एक सेवानिवृत्त गृहस्थ, आणि खुर्च्या मोजणारा पहारेकरी एवढी मंडळी असतात. अर्धा तास वाट पाहून सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि थोड्याच वेळाने त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांसह, पुन्हा सुरू होते. कारण तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही. जे लोक आलेच नाहीत त्यांच्या गैरहजेरीने जे अडले होते, ते त्यांच्याच गैरहजेरीत सुरळीत पार पडते. भोंडल्याला मात्र सूचनापत्र म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या मुलीने कठड्यावरून मारलेली हाक पुरते, आणि पाटावरच्या हत्तीची सोंड पुरी होण्याच्या आत रिंगण भरलेले असते.

या लोकप्रियतेचे इंगित आमच्या मते इतकेच, की भोंडल्याची विषयपत्रिका झाकलेल्या डब्यात असते. गाणी संपल्यावर काय खायला मिळणार हे जिच्या घरची खिरापत असेल तिच्याखेरीज कोणालाही कळू नये म्हणून त्या घरात दुपारपासून जो बंदोबस्त चालतो, तसा अर्थसंकल्प फुटू नये म्हणून मंत्रालयातही चालत नसावा. फोडणीचा वास जिन्यात उतरू नये यासाठी ऐन उकाड्यात स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या जातात. नारळाची करवंटी शेजारणीच्या दृष्टीस पडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी जाते (आमच्या या सदराचा तेवढाच निश्चित उपयोग आमच्या पाहण्यात आहे). आणि धाकट्या चिरंजीवांना, त्यांच्या मौनावर कोणाचाच भरवसा नसल्यामुळे, आगाऊ वाटीभर वाटा देऊन नजरकैदेत ठेवले जाते. खरी कसोटी मात्र घरच्या मुलीची. एरवी शाळेतली प्रत्येक वार्ता पायताण काढण्याच्या आत सांगून टाकणारी ती कन्यका त्या संध्याकाळी एखाद्या संस्थानच्या दिवाणाला शोभेल असा चेहरा करून फेर धरते. ‘गोड की तिखट?’ हा पहिला सवाल. त्यावर ती ‘दोन्ही’ असे सावध उत्तर देते. मग करंजी, चकली, वाटली डाळ, भडंग, साबुदाण्याची खिचडी अशी सरबत्ती होते. कोणी डबा कानाशी नेऊन हलवते, कारण चकली वाजते आणि खिचडी वाजत नाही, हा पुराव्याच्या कायद्यातला मूलभूत सिद्धांत तिथे चौथीतल्या मुलीलाही अवगत असतो. अखेर सगळ्या ‘हरलो’ म्हणतात, झाकण निघते, आणि आत निघतो पोळीचा कुस्करा, वरून साखर आणि ओले खोबरे पेरलेला. तो कोणालाच ओळखता येत नाही, कारण त्या दिवशी सकाळी प्रत्येकीने आपापल्या घरी तोच नाक मुरडून खाल्लेला असतो.

ही सभा नुसती खाण्यापुरती आहे असेही नाही. माहेरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या सुनेला आधी कारल्याचे बी पेरावयास सांगणारे ते गाणे घ्या. बी पेरले तर वेल चढू दे, वेल चढला तर कारली लागू देत, कारली लागली तर भाजी कर. आणि सर्व अटींची पूर्तता झाल्यावर अर्ज अभिप्रायार्थ सासऱ्यांकडे. दप्तरदिरंगाईचे इतके अचूक शिक्षण परकर्‍या वयात, तेही चालीवर, मिळाल्यावर पुढे मोठेपणी ‘ना हरकत’ दाखल्यासाठी खेटे घालताना या मुली आमच्यासारख्या हताश होत नाहीत यात नवल कसले? भोंडल्याचाच भाऊबंद असलेल्या हादग्यात पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा म्हणण्याची रीत आहे. कामकाज रोज वाढत असूनही हजेरी घटत नाही अशी दुसरी संस्था निदान सहकार खात्याच्या कक्षेत नसावी.

हे यश व्यवस्थापक समितीला सलले नसते तरच आश्चर्य. यंदा परिपत्रक निघाले: पारदर्शकतेच्या हितार्थ नऊही दिवसांच्या खिरापतींचा तक्ता फलकावर लावण्यात येत असून हरकती लेखी द्याव्यात. हरकती आल्या. एक मधुमेहाच्या नावे आली, एक तेलाच्या, आणि हत्तीचे तोंड पूर्वेस असावे की कार्यालयाकडे या प्रश्नावर उपसमिती नेमावी लागली. पहिल्या संध्याकाळी मुलींनी फलकावर ‘उपमा’ वाचला आणि त्या निमूट पांगल्या. रिंगणात अध्यक्षांच्या दोन भाच्या तेवढ्या उरल्या. अर्ध्या तासाने भोंडला गणपूर्तीअभावी तहकूब झाला. त्याच वेळी कार्यालयातून गच्चीची किल्ली नाहीशी झाल्याचे उघडकीस आले आणि वरून गाणी ऐकू येऊ लागली. चौकशीस गेलेले चिटणीस तासाभराने उतरले. ‘तपास चालू आहे,’ एवढेच म्हणाले. त्यांच्या मिशीला ओले खोबरे होते.

तेव्हा सर्वसाधारण सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांखाली, आम्ही दरखास्त मांडली, की भोंडला सभेच्या नियमांनी चालवण्याऐवजी सभाच भोंडल्याच्या नियमांनी चालवून पाहावी: सभासदांनी फेर धरावा, ताळेबंद झाकलेल्या डब्यात ठेवावा, आणि दुरुस्ती निधीत शिल्लक काय हे सर्वांनी ओळखावे. अनुमोदन सेवानिवृत्त गृहस्थांनी दिले, तेही हरकतीशिवाय. खजिनदारांनी डबा मध्यभागी ठेवला, ‘गोड की तिखट?’ या सवालास ‘लेखापरीक्षकांना विचारा’ असे उत्तर दिले, आणि कोणी तरी तो कानाशी नेऊन हलवला. आत काहीच वाजले नाही.

‘खिचडी!’ चौथीतली मुलगी जिन्यातून ओरडली. हे उत्तर इतिवृत्तात घेऊ नये, अशी विनंती खजिनदारांनी तातडीने केली.