रुंदटायरी

रुंदटायरी ही दीडशे सीसीच्या मोटारसायकलवर वाढणारी प्रजाती. गाडीवर बसलेल्याला स्वतःचा मागचा टायर दिसत नाही, ही सृष्टीने तिची केलेली कुचेष्टा. म्हणून गाडी स्टँडवर लावताच रुंदटायरी चार पावले मागे सरकतो, मान तिरपी करतो आणि मित्राला म्हणतो, "मागनं बघ भावा, नादखुळा!" बोली कोल्हापूरकडची असली, तरी प्रजाती राज्यभर आढळते.

कंपनीने गाडीला १००/९०-१७ मापाचा टायर दिलेला असतो. १०० ही मिलिमीटरमधली रुंदी, ९० म्हणजे टायरची उंची या रुंदीच्या किती टक्के ते, आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. रुंदटायरी पहिला आकडा वाचून थांबतो. तिथे १४० हवा, एवढेच त्याचे गणित. रिमलाही रुंदी असते हे त्याच्या गावी नसते. १०० च्या टायरला अडीच इंची रिम पुरते; १४०/७०-१७ ला साडेतीन ते साडेचार इंच लागतात. कोणी हटकलेच तर तो टेप आणून रिमच्या बाहेरच्या कडा मोजतो. खरे माप दोन कडांच्या आतल्या अंगाचे, आणि ते बहुधा रिमवरच उमटवलेले असते. पण उमटवलेला आकडा अडीच म्हणतो आणि टेप तीन म्हणतो; रुंदटायरी टेपचे ऐकतो.

मग टायर चढतो. पैलवानाने धाकट्या भावाचा सदरा घालावा तसा तो रिममध्ये आवळला जातो. ढोबळ हिशेबाने रिम अर्धा इंच कमी पडली की टायर पाचेक मिलिमीटर आकसतो. म्हणजे चार इंची रिमसाठी घडवलेला १४० चा टायर अडीच इंचीवर जेमतेम १२५ भरतो. शिवाय दोन्ही बाजू आत ओढल्याने पाठ फुगते, आणि सरळ रस्त्यावर गाडी मधल्या बारीक पट्टीवरच धावते. रुंदीचे पैसे मोजून रुंदटायरी असा अरुंद टायरवर फिरतो. वळणावर गाडी आधी पडायला बघते, मग डुलते. त्याला तो 'ग्रिप' म्हणतो. चेन टायरला घासू लागली की मेकॅनिक वॉशर टाकून चाक सरकवतो, आणि पुढचे-मागचे चाक एका रेषेत राहत नाही. खरा धोका मात्र दिसत नाही: टायरची तारेची कड, म्हणजे बीड, रिमवर नीट बसलेली नसते, हवा कमी असताना खड्डा लागला तर ती जागा सोडू शकते.

त्याचा मोटारवाला चुलतभाऊ उलटे करतो. तो रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवतो आणि पहिल्याच पावसाळ्यात रिम ठोकून घेतो.

वास्तविक टायर कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक मापासमोर चालणारी रिम छापलेली असते. अडीच इंचीवर ११०/८०-१७ बिनतक्रार बसतो, उंचीही जवळपास तीच राहते. फक्त भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नको. पण ११० मागून ओळखूच येत नाही, म्हणून रुंदटायरी तो नाकारतो.

वर्षभरात १४० ची मधली नक्षी गुळगुळीत होते. कडांवरचे रबरी केस मात्र शाबूत असतात. मग तो टायर विकायला निघतो, गिऱ्हाईक येते, चार पावले मागे सरकते आणि मान तिरपी करते.