आदरणीय पाठ टाचण साहेबांस अनावृत पत्र

आदरणीय पाठ टाचण साहेब,



पत्रास कारण की, बी.एड.ला असताना आपली जी सेवा हातून घडली, तिच्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते. सध्या दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपच्या ऑफिसात हजेरी आणि कामाचे तास मांडतो. शुक्रवारी ओळखीच्या घरांतली मुलं गणित घेऊन येतात. त्यांच्यासमोर बसलं की आपली आठवण हटकून येते.

उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन. केवढी ही शिस्त! आणि त्यातला तो मुकुटमणी, ‘अपेक्षित उत्तर’. मूल अजून वर्गात आलेलंही नसताना ते काय बोलणार हे आदल्या रात्री लिहून ठेवण्याची विद्या आपणच दिलीत. सराव पाठात एखादं पोर भलतंच काही बोललं की त्याला गोड बोलून खाली बसवायचं, हेही आपल्याच कृपेने जमू लागलं. निरीक्षक खूश, आम्ही उत्तीर्ण. पोर काय म्हणत होतं ते कुणीच विचारलं नाही.

काळ-काम-वेगाच्या उदाहरणांबद्दल तर आपले पाय धरायला हवेत. 12 मजूर एक काम 10 दिवसांत करतात, तर 15 मजूर किती दिवसांत? आठ. फळ्यावर चौकट, चौकटीत उत्तर. आपल्या मजुरांना ऊन लागत नाही, तहान लागत नाही. माझ्या हजेरीपटावरच्या माणसांना लागते. इथे 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला मनाई आहे. मग नववीतली मुलगी विचारते, “काका, आठ दिवस कुठल्या महिन्यातले?” साहेब, हे उत्तर अपेक्षित रकान्यात नव्हतं. हा तर उलटा प्रश्नच होता, आणि गणित तिथेच सुरू होत होतं.

आपण आम्हाला गृहीतकांच्या कटकटीतून सोडवलंत, हे ऋण कसं फेडू? इथल्याच उन्हातल्या मनाईचं पाहा. 2007 च्या नियमात तिचा काळ 15 जून ते 31 ऑगस्ट, साडेअकरा ते तीन एवढाच होता. म्हणजे ऊन फक्त घड्याळाने मोजलं जात होतं. 2019 मध्ये ग्रीसच्या थेसली विद्यापीठातल्या संशोधकांनी इथल्या मजुरांवर उष्णतेचा काय ताण पडतो ते मोजलं. 2021 मध्ये नियम बदलला. तास वाढले, आणि शिवाय एक आकडा आला: वेट बल्ब ग्लोब तापमान 32.1 अंशांच्या वर गेलं की वेळ कुठलीही असो, उघड्यावरचं काम थांबवायचं. हा आकडा काढताना ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान 0.7 ने गुणायचं, काळ्या गोळ्यातलं 0.2 ने, सावलीतलं साधं तापमान 0.1 ने, आणि बेरीज करायची. समजा सावलीत 46, गोळ्यात 52, पण हवा कोरडी म्हणून ओल्या थर्मामीटरवर 22. बेरीज 30.4. दुसऱ्या दिवशी सावलीत 40 च, गोळ्यात 46, पण दमट हवेमुळे ओल्यावर 30. बेरीज 34.2. कमी तापलेला दिवस जास्त घातक! का? कारण घाम वाळत नाही. आणि ओल्यालाच सर्वांत जास्त वजन का? सहावीतलं पोरसुद्धा यावर तासभर भांडतं. हे भांडण चालू ठेवायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवलं नाही.

सगळ्यांत मोठे उपकार इतिहासाच्या बाबतीत. भारतात वैद्यकीय सेवेत काम केलेले अँडरसन मॅकेंड्रिक आणि त्यांचे सहकारी विल्यम कर्मॅक यांनी 1927 मध्ये साथीच्या प्रसाराचं जे गणिती मॉडेल मांडलं, ते त्यांनी कुठल्या आकड्यांवर ताडून पाहिलं? आपल्या मुंबईतल्या, 1905-06 च्या प्लेगच्या मृत्यूंवर. आज जगभर वापरलं जाणारं ते मॉडेल मुंबईच्या मढ्यांवर तपासलं गेलं, आणि मुंबईच्या गणित शिक्षकाला त्याचा पत्ता नाही. त्याच्या डोक्याला ताप नको म्हणून केवढी ही काळजी!

मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीत इथल्या इंडस्ट्रियल एरियाचे 1 ते 32 क्रमांकांचे रस्ते बंद झाले, तेव्हा त्याच घराण्यातली मॉडेल जगभर चालवली जात होती. त्यांच्या साध्या रूपात प्रत्येक माणूस प्रत्येकाला सारखाच भेटतो असं धरतात. दुमजली खाटांची खोली, सामायिक स्वयंपाकघर, एकाच बसने कामावर जाणं. हे ज्याने पाहिलं आहे तो मुलगा लगेच म्हणेल, इथे हे चालणार नाही. त्याला “शाबास, मग काय धरू या?” असं विचारणारा शिक्षक हवा. तो तयार व्हायचा होता तेव्हा आम्ही आपल्या समासाची पट्टी आखत होतो.

पाठ्यपुस्तकांनीही आपला मान राखला. एनसीईआरटीच्या 2006 च्या नववीच्या गणितात गणिती मॉडेलिंग आलं, ते सगळी प्रकरणं संपल्यावर, परिशिष्टात. प्रश्न मांडा, सोडवा, अर्थ लावा, वास्तवाशी ताडून पाहा, सगळं तिथे होतं. पण मार्चपर्यंत परिशिष्ट उघडतो कोण? आणि ज्याने स्वतः एकदाही मॉडेल बनवलेलं नाही, तो ते उघडून करणार तरी काय?

तेव्हा साहेब, आता हात जोडून मागणं आहे. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, आता चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आला आहे. एवढ्या काळात प्रत्येक छात्राध्यापकाला एकदा तरी असा प्रश्न द्या, ज्याचं उत्तर त्याच्या प्राध्यापकालाही ठाऊक नाही. गावची पाण्याची टाकी मेअखेरपर्यंत पुरेल का, एवढाही चालेल. त्याला मोजू द्या, काय धरलं ते लिहू द्या, चुकू द्या, आणि गृहीतक बदलून पुन्हा मांडलं याचे गुण द्या. मग तोच प्रश्न सराव पाठात मुलांपुढे ठेवू द्या, आणि त्या दिवसापुरता ‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना कोरा सोडा.



आपलाच,
एक जुना छात्राध्यापक
इंडस्ट्रियल एरिया, दोहा