पद्मिनीला कारपेट घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

पात्रता

जुन्या स्पोर्ट्स कारला आतून कारपेट आणि इन्सुलेशन घालणे हा जगभरातल्या शौकिनांचा धर्म आहे. आपल्याकडेही सॅन स्टॉर्म नावाची कापडी टपाची, दोन माणसांची गाडी गोव्यात तयार झाली होती. पण हिंगोलीत घरून चार माणसं निघतात आणि नाक्यावर आणखी तीन चढतात, तिथं दोन सीटचं काय घेऊन बसलात? म्हणून या मार्गदर्शनापुरती स्पोर्ट्स कार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. मुंबईतल्या तिच्या टॅक्सी बहिणी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाल्या. तुमची अजून ताडपत्रीखाली उभी असेल, तर तुम्ही पात्र आहात.

साहित्य

पाठीला ॲल्युमिनियम असलेली ब्युटाइल शीट (परवडत नसेल तर डांबरी), पाणी न पिणारा फोम, कारपेट, रेड ऑक्साइड, थिनर, चिकटवायचं सोल्युशन, जुने पेपर. माणसांत एक वेल्डिंगवाला, एक कुशनवाला आणि किमान चार सल्लागार. सल्लागार शोधावे लागत नाहीत. गाडीचं दार उघडं दिसलं की येतात.

पायरी 1 : उचकटणे

सीटचे बोल्ट सोडवून सीट बाहेर काढावी. तिच्याखाली एक हळकुंड, पाच पैशांचं नाणं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि तीन वर्षं शोधत असलेला दहाचा पाना सापडेल. पत्रिकेतल्या जोडप्याची मुलं आता कॉलेजात असतील. आहेर राहिला असल्यास विषय काढू नये.

त्याखालचा जुना नमदा उचलावा. दाराच्या रबरातून झिरपलेलं पावसाचं पाणी यानं वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं असतं. मग पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. थांबला तर पत्रा; आरपार गेला तर आजवर तुमचे पाय रंगाच्या थरावर होते.

या क्षणी पहिला सल्लागार बोलतो, "कशाला उचकायलात मालक? वरून मॅट टाका, कोण बघायलंय?" हा ‘वरून टाका’ पंथ फार जुना असून त्यानं आपल्या रस्त्यांचीही मोठी सेवा केली आहे. त्यांना चहा पाजावा आणि वेल्डिंगवाल्याला बोलवावं. गंज खरवडून, ठिगळ मारून, रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत. पाणी निघून जायची भोकं मात्र बुजवू नयेत. वेल्डिंगवाल्याला प्रत्येक भोक बुजवण्याजोगं वाटतं. त्याच्या शेजारी उभं राहावं.

पायरी 2 : कंप

पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करावी. ‘ठण्ण’ वाजलं तर शीट हवी, ‘थप्प’ वाजलं तर नको. मोकळ्या पत्र्याच्या साधारण पाव भागावर शीट चिकटवून रूळ फिरवला तरी कंप बराचसा मरतो. हे सांगितल्यावर कुशनवाल्याचा चेहरा पडतो, कारण त्याचं बिल शीटवर असतं.

या कामी आपल्या जिल्ह्याला कमीपणा वाटायचं कारण नाही. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा उभी राहत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर टांगायचे आहेत, तेही लंबकाखाली लंबक असे चार मजले करून, म्हणजे जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये. तिथं मोजायची हालचाल प्रोटॉनच्या जाडीहूनही कितीतरी बारीक. इथं डॅशबोर्डवरचा गणपती हेडलॅम्पकडे पाठ करून बसू नये, एवढंच. तत्त्व एक, बजेट वेगळं.

पायरी 3 : ऊन

शीट कंप थांबवते, ऊन नाही, त्यासाठी फोम. इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्याला तो आधी लावावा. फोमला चकचकीत बाजू असेल, तर तिच्यासमोर थोडी हवा राहू द्यावी. दाबून चिकटवली तर चकाकीचा उपयोग संपतो. मात्र मे महिन्यात हिंगोलीत आग वरून येते. टपाच्या पत्र्याला आतून फोम न लावता फक्त खाली कारपेट अंथरलं, तर डोक्याला भट्टी आणि पायाला मखमल.

सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं झालं की जोडावं, असं डब्यावर लिहिलेलं असतं. लिहिणारा मे महिन्यात वसमतला आलेला नसावा. इथं ते ब्रशवरच वाळतं, म्हणून काम सकाळी आठच्या आत उरकावं.

पायरी 4 : कापणे

आधी पेपरचे साचे करावेत. बातमी वाचत बसू नये. कारपेट साच्यापेक्षा दोन बोटं जास्त कापावं. कापलेलं वाढत नाही. आधी मधला उंचवटा, मग पायाच्या जागा. बोल्टची भोकं ड्रिलनं कधीही पाडू नयेत. ड्रिल एक धागा पकडतं आणि डोळ्यांदेखत अख्खी रांग उसवून स्वतःभोवती गुंडाळतं. सळई तापवून भोसकावी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडून पाहावा. कारपेटच्या कडेत अडकला, तर पद्मिनी त्या दिवशी खरोखर स्पोर्ट्स कार होईल.

रंगाबाबत : काळ्यावर धूळ दिसते, करड्यावर चिखल. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि मोंढ्यातून आलेला पाहुणा ते मानांकन बुटाला लावूनच गाडीत बसतो. पिवळं घ्यावं.

पायरी 5 : संरक्षण

काम झाल्यावर आई येऊन पाहते आणि म्हणते, "एवढं महागाचं, आणि त्याच्यावर पाय द्यायचे?" मग कारपेटवर पारदर्शक प्लास्टिक येतं. प्लास्टिकवरून पाय घसरतो म्हणून रबरी मॅट. मॅट मळते म्हणून तागाचं पोतं. पोत्याचे धागे साडीला लागतात म्हणून पेपर. पत्र्यापासून मोजत आलं तर आता आठ थर झाले, आणि ज्या ‘वरून टाका’वाल्याला आपण चहा पाजून वाटेला लावलं होतं, त्याचीच पद्धत सगळ्यात वर आहे.

वापर

नवं कारपेट मळू नये यासाठी औंढ्याला दर्शनाला जाताना सहकुटुंब एसटीनं जावं.