‘का’चा रकाना

धाटावच्या एमआयडीसीत ज्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे एकदा मुंबईहून दोन सल्लागार आले. मे महिन्यात टाय लावून आले, तेव्हाच काय ते समजायला हवं होतं. त्यांनी भिंतभर तक्ता चिकटवला. नुसते चौकोन आणि बाण. म्हणाले, हे तुमच्या कंपनीचं आर्किटेक्चर. गेटवरचे मामा चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यात वजनकाटा कुठाय?”

चार महिन्यांत सिस्टीम सुरू झाली. त्याच चार महिन्यांत शेठनी धंद्याची दिशा बदलली. एका बड्या गिऱ्हाइकाला टँकर भरून देण्यापेक्षा छोट्यांना पन्नास लिटरचे कार्बॉय, म्हणजे कॅन, विकायचे. चहावाल्या पोऱ्यालासुद्धा हे माहीत होतं. सांगायचं राहिलं ते फक्त त्या दोघांना. आणि त्यांनीही विचारलं नाही.

सिस्टीमला टँकर एवढंच माप ठाऊक. पहिल्या कार्बॉयचं चलान निघालं : ०.००५ टँकर. टेम्पोवाल्याने कागद उलटासुलटा करून विचारलं, “आणि उरलेला?” चलानावर टँकर म्हटल्यावर मामा काट्यावर चढवल्याशिवाय गेटपास देईनात. एवढ्याशा कार्बॉयसाठी टेम्पो वजनकाट्यावर!

पुढे लेकीच्या एमबीएच्या पुस्तकात या चौकोन-बाणांच्या शास्त्राचे एक मूळपुरुष भेटले, जॉन झॅकमन. १९८७ साली त्यांनी आयबीएमच्या नियतकालिकात जो तक्ता मांडला, त्यात काय, कसं आणि कुठे एवढेच रकाने होते. कोण, केव्हा आणि का हे रकाने आले १९९२ मध्ये. ‘का’ मांडायला खुद्द गुरूंना पाच वर्षं लागली, हे वाचून माझा त्या दोन पोरांवरचा राग बराच निवळला.

तसं आमच्या इथल्या कुंडलिका नदीला तरी कुठे कोणी विचारून आखलंय? टाटांनी १९२७ मध्ये भिऱ्याला वीजकेंद्र सुरू केलं ते मुंबईच्या विजेसाठी. वीज करून सुटलेल्या त्याच पाण्यावर आज कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या होड्या उड्या मारतात. पण नदीला चलान फाडावं लागत नाही.

मला लागायचं. म्हणून मी दोनशे पानी वही घातली, तीत पेन्सिलीने कार्बॉय मांडायचे. महिनाअखेरीला बसून त्यांचे टँकर करायचे आणि सिस्टीमला भरवायचे. ऑडिटर आला की सिस्टीम उघडायचा. शेठ वही मागवायचे.