सुडावर सूट

गावात खून पडला की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला: भानगड काय होती? बांध, बाई की भाऊबंदकी? 'जुनं वैर होतं हो' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मेलेल्याच्या वाट्याला थोडा दोष आपोआप जातो, मारणाऱ्याच्या पदरात थोडी समजूत पडते आणि चहा येतो. पारावर हे चालायचंच. पण तीच समजूत पट्ट्याचा काळा कोट घालून अपिलाच्या निकालपत्रात बसली, की तिला 'हेतू' म्हणतात.

खैरलांजीचंच घ्या. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातली आई सुरेखाबाई, सतरा वर्षांची मुलगी आणि दोन मुलगे, अशी चौघं मारली गेली. प्रेतं कालव्यात टाकली. वडील भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. पुढे महाराष्ट्र पेटला, तपास सीबीआयकडे गेला, आणि सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठजणांना दोषी धरून सहाजणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं अपिलात फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. जातीचा हेतू सिद्ध होत नाही, हा प्रकार सुडाचा आहे, असा निष्कर्ष. सत्र न्यायालयालाही जात दिसली नव्हतीच. ॲट्रॉसिटी कायदा तिथेच गळून पडला होता.

फाशी गेली याचं मला दुःख नाही. दोर आवळल्यानं गाव सुधारतं असं मानणाऱ्यांतला मी नाही, आणि २५ वर्षं ही काही खिरापत नव्हे. मला खडा लागतो तो त्या 'सुडा'त. सूड, पण कशाचा?

३ सप्टेंबर २००६. शेजारच्या धुसाळ्याच्या पोलीस पाटलाला खैरलांजीतल्या काहीजणांनी बदडलं. पोलीस पाटील दलित, भोतमांगे कुटुंबाला आधार देणारे. सुरेखाबाई आणि त्यांच्या मुलीनं पोलिसांना जबाब दिला, मारणाऱ्यांची नावं सांगितली. अटक झाली. २९ तारखेला आरोपींना जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या दारात. सुडाची कुळकथा एवढीच. ना कुणाचा मुडदा पाडला होता, ना कुणाचा बांध कोरला होता. दोन बायांनी बोट दाखवलं होतं, तेही पोलिसांनी विचारलं म्हणून.

आता साक्षीदाराला येणारं समन्स डोळ्यांपुढे आणा. तारखेला हजर राहा, खरं सांगा, आला नाहीत तर वॉरंट निघेल, असा त्याचा थाट. साक्ष दिली नाही तर सरकार पकडून नेणार, दिली तर गाव ओढून नेणार. आणि गावानं नेलंच, तर न्यायालय निकालात लिहिणार की हे आपसातल्या रागातून झालं. ज्या गुन्ह्याचा राग खरं तर न्यायालयाला सगळ्यांत आधी यावा, कारण मारलेल्यांतल्या दोघी त्याच्याच साक्षीदार होत्या, तो 'आपसातला' कसा काय ठरला?

याचं उत्तर जुन्या निकालात सापडतं. १९७७ च्या ऑगस्टमध्ये पंजाबात मच्छीसिंग आणि त्याच्या साथीदारांनी खानदानी वैरातून एका रात्रीत पाच गावं पालथी घालून १७ माणसं मारली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची फाशी कायम केली आणि 'दुर्मिळातील दुर्मिळ' कशाला म्हणायचं याची यादीच घालून दिली. अनुसूचित जातीच्या माणसाचा खून त्या यादीत आहे. पण अट बघा: तो वैयक्तिक कारणासाठी झालेला नसावा, समाजाला चीड यावी असा असावा. वकिलाला आणखी काय पाहिजे? खून 'वैयक्तिक' आहे एवढं दाखवलं की यादीतली ती ओळ संपली. आणि खेड्यात वैयक्तिक कारणाला काय तोटा! पाटाचं पाणी, म्हशीनं खाल्लेली जोंधळ्याची ताटं, शेतातून नेलेला रस्ता. जातीच्या भांडणाला निमित्त म्हणून जातच पुढे करावी इतकं अडाणी कुठलंही गाव नसतं.

ॲट्रॉसिटी कायद्याचंही तेच. १९८९ च्या कायद्यात खुनासारख्या गुन्ह्याला जबर शिक्षा होती, पण मेलेला माणूस अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' खून झाला हे दाखवावं लागे. म्हणजे आरोपीनं कुऱ्हाड उगारताना जातीचं कारण मोठ्यानं सांगायचं आणि ते ऐकायला निःपक्षपाती पंच हजर असायचे! पुढे दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून, ती व्यक्ती त्या जातीची आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला एवढं पुरतं. खैरलांजीच्या आकाराच्या गावात कोण कोणाचा, हे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं. कायद्याला ते कळायला २६ वर्षं लागली.

आणि खरा मुद्दा तर जातीची आणि सुडाची वाटणी करून सुटतच नाही. तीच साक्ष गावातल्या बड्या घरच्या बाईनं दिली असती तर? चार दिवस अबोला, फार तर पुढच्या निवडणुकीत मतं फुटली असती. बौद्ध घरातली बाई ठाण्यात जाऊन नावं घेते, तेव्हा ती साक्ष राहत नाही, मग्रुरी होते. त्या मग्रुरीची शिक्षा देण्याला सूड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त त्यातून जात वेगळी काढून दाखवा.

अपील कसं ऐकतात तेही सांगायला हवं. वरच्या न्यायालयापुढे माणसं येत नाहीत, पेपरबुक, म्हणजे खालच्या खटल्याच्या कागदांचा गठ्ठा, येतं. खाली पिंजऱ्यात साक्षीदार घाम पुसत असतो, आरोपीचा चुलता मागच्या बाकावर बसून त्याच्याकडे बघत असतो, ते त्यात येत नाही. येते ती उलटतपासणी, आणि तिचा शेवट मोजून ठरलेला: 'हे म्हणणे खरे नाही की, मी वैमनस्यामुळे खोटी साक्ष देत आहे.' खेड्यातल्या प्रत्येक साक्षीदाराच्या तोंडी हे वाक्य असतं. वैर असलं तर साक्ष खोटी, वैर नसलं तर मग तू तिथे तडमडलास कशाला? वैराचा उपयोग असा दुहेरी होतो. साक्षीदार जिवंत असेतो त्याला खोटं पाडायला, आणि तो मेल्यावर मारेकऱ्याची शिक्षा उतरवायला.

सरकारही मागे नाही. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भांडणं गावातच मिटवा, बक्षीस घ्या. या मोहिमेच्या मानकऱ्यांत पुढे खैरलांजीचंही नाव झळकलं. बरोबरच आहे. तंटा करणारं घरच उरलं नाही, तर तंटा राहील कुठून?

भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला नागपुरात वारले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून होतं. त्यानंतर दोन वर्षं सरता सरता, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याच न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नं प्रत्येक राज्याला अशी योजना बंधनकारक केली आहे. कागदावर ती चांगली आहे. साक्षीदारानं अर्ज करायचा, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तो बघायचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल कामकाजाच्या पाच दिवसांत द्यायचा. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात तर पीडिताला आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची नोटीस मिळण्याचा हक्कही आहे. २००६ मध्ये यातलं काही नव्हतं.

पण योजनेचं नाव तालुक्याच्या ठाण्यात विचारून बघा. तुमच्या ओळखीत कुणाचा जबाब झाला असेल, तर हा अर्ज जिल्ह्याच्या त्या समितीकडे द्यायला त्याला आजच सांगा, वकील सांगेल याची वाट बघू नका. आणि अर्ज आरोपीच्या जामिनाच्या तारखेआधी पडला पाहिजे. खैरलांजीत जामीन आणि खून यांच्यात एक दिवसही गेला नव्हता.